आधी त्यांची संसद वाचा : परराष्ट्र राजकारणावर लिहिणाऱ्या मंडळींना खुले पत्र

प्रति,
आंतरराष्ट्रीय घडामोडींवर मराठीतून लिहिणारे स्तंभलेखक, संपादक आणि दूरचित्रवाणीवरच्या चर्चांत भाग घेणारे अभ्यासक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमचं लेखन मी अनेक वर्षं आवडीने वाचत आलो आहे. मोठ्या देशांच्या राजकारणाची मला जी काही समज आहे, ती बरीचशी तुमच्याचमुळे आहे. म्हणूनच एक तक्रार मोकळेपणाने मांडतो आहे. एखाद्या नव्या, छोट्या देशाने करार केला, कुणाला मान्यता दिली किंवा कुणाचा लष्करी तळ बंद केला, की त्या दिवशी तुमचा प्रश्न ठरलेला असतो: हा देश आता कुणाच्या गोटात गेला? अमेरिकेच्या, चीनच्या की रशियाच्या? त्यानंतरचा सगळा लेख त्या बड्या देशाबद्दल असतो. छोट्या देशाचं नाव पहिल्या परिच्छेदात येतं आणि तिसऱ्यापर्यंत नाहीसं होतं. तिथे निवडणूक कधी झाली, सरकार किती मतांवर तग धरून आहे, विरोधक काय म्हणताहेत, राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधानांचं पटतं का, यावर एक ओळ नसते.

अशा देशाचं परराष्ट्र धोरण समजून घ्यायचं असेल, तर 'तो कुणाच्या बाजूने' हे विचारण्याआधी 'निर्णय उलटा झाला असता तर तिथे कुणाची खुर्ची गेली असती' हे विचारायला हवं, असं माझं ठाम मत आहे. हे मत कशावरून बनलं, ते सांगतो.

१९९९च्या जानेवारीत मॅसेडोनियाने तैवानला मान्यता दिली. युगोस्लाव्हियातून बाहेर पडून जेमतेम सात-साडेसात वर्षं झालेला, वीस लाखांच्या आसपास लोकसंख्येचा हा देश. युरोपात व्हॅटिकन वगळता कुणीही तैवानला मान्यता दिलेली नव्हती. बाहेरून पाहणाऱ्याला हा चीन-तैवान स्पर्धेचा एक अध्याय वाटेल. पण उत्तर सापडतं ते १९९८च्या शरदातल्या संसदीय निवडणुकीत. वासिल तुपुरकोव्स्की यांच्या 'डेमोक्रॅटिक अल्टरनेटिव्ह' या नव्या पक्षाने प्रचारात मोठ्या परदेशी गुंतवणुकीचं आश्वासन दिलं होतं. पुढे पंतप्रधान झालेल्या ल्युबचो गेओर्गिएव्स्की यांना सरकार बनवायला या पक्षाची साथ लागली. आश्वासन पुरं करायचं तर पैसा आणायचा कुठून? तैवान मदत द्यायला तयार होता. राष्ट्राध्यक्ष किरो ग्लिगोरोव यांचा या मान्यतेला विरोध होता, पण सरकार आघाडीचं होतं आणि आघाडीच्या एका घटक पक्षाचा शब्द त्यात गुंतलेला होता.

पुढे काय झालं ते फार महागात पडलं. मॅसेडोनियाच्या सीमेवर संयुक्त राष्ट्रांचं सुमारे हजार सैनिकांचं पथक तैनात होतं. युद्ध सुरू होण्याआधीच, ते होऊ नये म्हणून पाठवलेलं हे संयुक्त राष्ट्रांचं पहिलं पथक. २५ फेब्रुवारी १९९९ रोजी त्याची मुदत वाढवण्याच्या ठरावावर चीनने सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला. चीनने कारण वेगळं सांगितलं, पण ते कुणाला पटलं नाही. महिन्याभरात, २४ मार्चला, शेजारच्या युगोस्लाव्हियावर नाटोचे बॉम्बहल्ले सुरू झाले आणि कोसोव्होतून तीन लाखांहून जास्त निर्वासित या छोट्या देशात येऊन पोचले. संयुक्त राष्ट्रांचं पथक नेमकं तेव्हाच नव्हतं. २००१च्या जूनमध्ये, अल्बेनियन बंडखोरांशी लढाई चालू असताना आणि सुरक्षा परिषदेच्या सदिच्छेची नितांत गरज असताना, मॅसेडोनिया पुन्हा चीनकडे वळला. तोवर तुपुरकोव्स्कींचा पक्ष सरकारातून बाहेर पडलेला होता.

या गोष्टीत चीन आणि तैवान दोघंही आहेत. पण त्यांना दार उघडून देणारा हात आघाडीच्या गणिताचा होता. तुमच्या लेखांत हाच हात दिसत नाही.

नव्या देशात हे इतक्या ठळकपणे का घडतं, याचाही थोडा विचार करू. जुन्या, मुरलेल्या देशाकडे परराष्ट्र खात्याचं एक स्वतंत्र शहाणपण असतं. दप्तरं असतात, सवयी असतात, पंतप्रधानाला 'असं करू नका' म्हणणारे वरिष्ठ अधिकारी असतात. नव्या देशाकडे यातलं फार थोडं असतं. परराष्ट्र मंत्रालय म्हणजे मूठभर माणसं, आणि त्यातली बरीचशी काल-परवापर्यंत स्वातंत्र्यलढ्याची परदेशातली बाजू सांभाळत होती. त्यामुळे नेत्याची व्यक्तिगत मतं, पक्षातलं वैर, लढ्यातली जुनी दोस्ती आणि जुने घाव थेट करारांत उतरतात. मध्ये गाळणी नसते. शिवाय देश नवा असला की 'आपण कोण' हा प्रश्न अजून सुटलेला नसतो. सीमा कुठे, नागरिक कोण, भाषा कुठली, शत्रू कोण, माफी कुणाला? जुन्या देशात हे प्रश्न मिटलेले असतात किंवा निदान झाकलेले असतात. नव्या देशात त्यांतला प्रत्येक प्रश्न एकाच वेळी घरचाही असतो आणि परराष्ट्र खात्याचाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मला पूर्व तिमोर, म्हणजे तिमोर-लेस्ते वाटतं. त्यावर जरा थांबून लिहितो, कारण या देशाविषयी मराठीत जे काही वाचायला मिळतं ते ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया आणि अलीकडे चीन यांच्याविषयीच असतं.

पोर्तुगालची ही वसाहत. २८ नोव्हेंबर १९७५ला फ्रेटिलिन पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि दहाच दिवसांत इंडोनेशियाने आक्रमण केलं. चोवीस वर्षांच्या ताब्यानंतर ३० ऑगस्ट १९९९ला सार्वमत झालं, ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर इंडोनेशियाधार्जिण्या मिलिशियांनी, म्हणजे सशस्त्र टोळ्यांनी, देश जाळला. संयुक्त राष्ट्रांच्या कारभारानंतर २० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला. या देशाची राजकीय पिढी तीन ठिकाणी घडली होती. झनाना गुझ्माव यांच्यासारखे लोक डोंगरात लढले आणि मग जकार्ताच्या तुरुंगात राहिले. मारी अल्कातिरी यांच्यासारखे लोक मोझांबिकमध्ये निर्वासित होते. जुझे रामुस-होर्ता परदेशात राहून जगापुढे देशाची बाजू मांडत होते. आणि चौथा, फार मोठा गट होता तरुणांचा, जो इंडोनेशियाच्या शाळा-विद्यापीठांत, इंडोनेशियाच्या भाषेत शिकला होता.

सत्ता पहिल्या पिढीकडे आली. राज्यघटनेने तेतुम ही स्थानिक भाषा आणि पोर्तुगीज या राजभाषा ठरवल्या. शिकलेल्या तरुणांपैकी अनेकांना पोर्तुगीज येत नव्हती, त्यांना आपल्याच देशाच्या कारभारात परकं वाटू लागलं. हा झाला घरातला वाद. त्याची दुसरी बाजू पाहा: याच निवडीमुळे तिमोर २००२ मध्ये पोर्तुगीज भाषक देशांच्या संघटनेत गेला, लिस्बन आणि ब्राझीलशी त्याचे धागे जुळले, आणि दोन अवाढव्य शेजाऱ्यांच्या मध्ये त्याला स्वतःची वेगळी ओळख मिळाली. ज्यांनी परदेशात पोर्तुगीज जपली त्यांच्या हाती सत्ता आली नसती, तर हे परराष्ट्र धोरण वेगळं झालं असतं.

आता इंडोनेशियाचं पाहा. १९९९च्या अत्याचारांबद्दल इंडोनेशियाचे तत्कालीन लष्करप्रमुख विरांतो यांच्यावर २००३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने राजधानी दिली इथे चालणाऱ्या तपास यंत्रणेने आरोप ठेवले. राष्ट्राध्यक्ष गुझ्माव यांनी त्यापासून अंतर राखलं आणि २००४च्या मे महिन्यात बालीत विरांतो यांना मिठी मारली. इतक्या मोठ्या शेजाऱ्यापुढे दुसरं काय करणार, असं आपण सहज म्हणून जातो. ते खरंही आहे. पण ही मिठी मारणं गुझ्माव यांनाच शक्य होतं. डोंगरात लढलेल्या, तुरुंग भोगलेल्या माणसाला गद्दार म्हणायची हिंमत कुणाची? निर्वासित राहिलेल्या नेत्याने तेच केलं असतं, तर त्याला दिलीत परत पाऊल टाकणं अवघड झालं असतं. म्हणजे शेजाऱ्याशी जुळवून घेण्याची देशाची ताकद नेत्याच्या घरातल्या पुण्याईवर उभी होती.

त्या पुण्याईलाही हद्द होती. २००९च्या ऑगस्टमध्ये एक जुना मिलिशिया नेता सीमा ओलांडून तिमोरमध्ये आला. १९९९ मध्ये सुआईच्या चर्चमध्ये झालेल्या हत्याकांडाच्या संदर्भात त्याच्यावर आरोप होते, म्हणून त्याला पकडलं. जकार्ताने तो परत मागितला. सरकारने तो इंडोनेशियाच्या दूतावासाकडे सोपवला, तेही ३० ऑगस्टला, सार्वमताच्या दहाव्या वर्धापनदिनी. फ्रेटिलिनने, आता पंतप्रधान असलेल्या, गुझ्माव यांच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला, पण ज्यांची माणसं त्या चर्चमध्ये मारली गेली त्यांच्या मनात काय चाललं असेल, याची कल्पना करताना मला आजही अस्वस्थ वाटतं. परराष्ट्र धोरणाची किंमत नेहमी सगळ्यांना सारखी पडत नाही. ती घरातल्या कुणाच्या तरी वाट्याला जास्त येते, आणि कुणाच्या वाट्याला येणार हे घरातलं राजकारण ठरवतं.

ऑस्ट्रेलियाबरोबरच्या समुद्री वादात तर हे धडे एकावर एक रचलेले आहेत. स्वातंत्र्याच्याच दिवशी, २० मे २००२ला, तिमोर समुद्राचा करार झाला. दोघांचा दावा असलेल्या संयुक्त क्षेत्रातल्या तेल-वायूचे ९० टक्के तिमोरला, १० टक्के ऑस्ट्रेलियाला. आकडा उदार दिसतो, पण त्याआधी दोनच महिने ऑस्ट्रेलियाने समुद्री सीमांच्या वादांपुरतं आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं बंधन स्वतःवरून काढून घेतलं होतं, आणि 'ग्रेटर सनराइज' या मोठ्या वायुक्षेत्राचा बहुतेक भाग त्या संयुक्त क्षेत्राच्या बाहेर राहिला होता. २००६च्या जानेवारीत नवा करार झाला: सनराइजचं उत्पन्न निम्मं-निम्मं, पण सीमेचा प्रश्न पन्नास वर्षं काढायचा नाही. त्याच वर्षी सुमारे सहाशे सैनिकांच्या बडतर्फीवरून दिली पेटली, सैन्य आणि पोलीस एकमेकांवर गोळ्या झाडू लागले, ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालचं सैन्य बोलवावं लागलं आणि जूनमध्ये पंतप्रधान अल्कातिरींना राजीनामा द्यावा लागला. ज्या देशाशी सीमेचं भांडण, त्याच देशाचे सैनिक राजधानीत शांतता राखताहेत. घर फुटलेलं असताना पन्नास वर्षांचं ओझं झुगारायची ताकद कुठून येणार?

ती ताकद घर एक झाल्यावर आली. २००४च्या वाटाघाटींच्या काळात ऑस्ट्रेलियाच्या हेरखात्याने दिलीतल्या सरकारी कार्यालयांत बोलणं चोरून ऐकणारी यंत्रं बसवली होती, हा आरोप पुढे आला आणि २०१३ मध्ये तिमोरने लवादाकडे धाव घेतली. २०१५च्या फेब्रुवारीत गुझ्माव यांनी पंतप्रधानपद सोडलं आणि ते प्रतिस्पर्धी फ्रेटिलिनच्या रुई मारिया द अराउजो यांच्याकडे गेलं. गुझ्माव सीमाप्रश्नाचे मुख्य वाटाघाटीकार झाले. २०१६ मध्ये तिमोरने संयुक्त राष्ट्रांच्या समुद्री कायद्याच्या तहाखाली सक्तीच्या सलोख्याची प्रक्रिया सुरू केली. ही तरतूद त्याआधी कुणीच वापरलेली नव्हती. दिलीत ऑस्ट्रेलियाच्या दूतावासाबाहेर हजारो लोक जमले. २००६चा करार रद्द झाला आणि ६ मार्च २०१८ला न्यूयॉर्कमध्ये मध्यरेषेच्या आसपास जाणारी कायमची सीमा ठरली. तेरा-चौदा लाखांच्या देशाने हे मिळवलं. यात ऑस्ट्रेलियावरचा नैतिक दबाव होता, कायदेपंडितांची हुशारी होती. पण दोन कट्टर प्रतिस्पर्धी पक्षांनी एकत्र येऊन जवळजवळ अडीच वर्षं दिलेला श्वास नसता, तर यातलं काही टिकलं नसतं असं मला वाटतं.

आणि तरी बघा, करार होईपर्यंत ती एकी संपलेली होती. २०१७च्या निवडणुकीत फ्रेटिलिनला २३ आणि गुझ्माव यांच्या पक्षाला २२ जागा मिळाल्या. अल्कातिरींचं अल्पमतातलं सरकार आलं, विरोधकांनी त्याचा कार्यक्रम अडवला आणि जानेवारी २०१८ मध्ये संसद बरखास्त झाली. करारावर सही झाली तेव्हा गुझ्माव न्यूयॉर्कमध्ये हजर नव्हते. सलोखा आयोगाच्या कामावर ते नाराज होते. काही दिवसांनी ते दिलीला परतले तेव्हा मात्र स्वागताला अलोट गर्दी होती, आणि मे महिन्यात त्यांच्या आघाडीने ६५ पैकी ३४ जागा जिंकल्या. समुद्रातली सीमा निवडणुकीच्या मंचावर पोचली होती.

त्या करारातलं एक कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. सनराइजचा वायू नळाने तिमोरच्या किनाऱ्यावर आणला तर तिमोरला उत्पन्नाचा ७० टक्के वाटा, ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला नेला तर ८० टक्के. कागदावर हिशेब करणारा म्हणेल, ८० घ्या. दिलीतल्या राज्यकर्त्यांचा आग्रह कमी वाट्याचा पर्याय घेण्याचा आहे, कारण नळ आपल्या किनाऱ्याला यावा, दक्षिण किनाऱ्यावर उद्योग उभा राहावा, पोरांना काम मिळावं, हे वचन लोकांना दिलेलं आहे. ज्या समुद्रासाठी लढलो त्यातली संपत्ती दुसऱ्याच्या बंदरात जाऊ द्यायची, ही कल्पनाच तिथल्या राजकारणात पचत नाही. त्यासाठी सरकारने दोन बड्या कंपन्यांचा सनराइजमधला हिस्सा एकूण ६५ कोटी डॉलरना घेतला. त्यासाठी पेट्रोलियम कायद्यात केलेला बदल राष्ट्राध्यक्ष फ्रान्सिस्को गुतेरेस 'लू ओलो' यांनी, जे फ्रेटिलिनचे, परत पाठवला. संसदेने जानेवारी २०१९ मध्ये तो नकार मोडून काढला. हा निर्णय आर्थिकदृष्ट्या शहाणपणाचा आहे का? मला त्यात मोठा धोका दिसतो. आजवर उत्पन्न देणारं बायू-उंदान हे वायुक्षेत्र आटलं आहे, देशाचा खर्च बहुतांशी पेट्रोलियम निधीतून चालतो आणि तो निधी कायम पुरणारा नाही. पण तो धोका त्यांनी का पत्करला हे चीन किंवा ऑस्ट्रेलियाकडे बघून कळणार नाही. ते दिलीतल्या संसदेकडे बघूनच कळेल.

याउलट जिथे घरात मतभेद नव्हते, तिथे धोरण कसं सरळ चाललं तेही बघा. आसिआन या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या सदस्यत्वासाठी तिमोरने २०११ मध्ये अर्ज केला. त्यानंतर सरकारं आली-गेली, पंतप्रधान बदलले, संसद बरखास्त झाली, पण अर्ज मागे पडला नाही. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये क्वालालंपूरला तिमोर अकरावा सदस्य झाला. चौदा वर्षं एकाच दिशेने चालणं हे अशा देशासाठी सोपं नाही.

तिमोरचा अनुभव एकट्याचा नाही. सीमेच्या करारांकडे तर मी खास लक्ष द्यायला सांगेन, कारण नव्या देशात सीमा म्हणजे स्वातंत्र्याचाच पुरावा असतो. एस्टोनियाने मे २००५ मध्ये रशियाबरोबर सीमा करारावर सही केली. मंजुरी देताना संसदेने प्रस्तावनेत १९२०च्या तार्तू तहाचा, म्हणजे रशियाने एस्टोनियाचं स्वातंत्र्य मान्य केलेल्या तहाचा, उल्लेख घातला. एस्टोनियाचं सगळं कायदेशीर अस्तित्व या भूमिकेवर उभं आहे की १९१८ साली जन्मलेलं प्रजासत्ताक सोव्हिएत ताब्यातही कायम होतं. नागरिकत्वाचा कायदाही त्याच पायावर आहे, आणि त्यामुळेच १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला देशातले जवळजवळ एक तृतीयांश रहिवासी, बहुतांश रशियन भाषक, नागरिकत्वाविना राहिले. ती ओळ नसलेला करार खासदारांना आपल्या मतदारांपुढे मांडणं कठीण होतं. रशियाने सही मागे घेतली. एका प्रस्तावनेमुळे करार अडला, असं वाचलं की हट्टीपणा वाटतो. राजधानी तालिनमधल्या माणसाला तो देशाच्या जन्मदाखल्याचा प्रश्न वाटतो.

किर्गिझस्तानने १९९९ मध्ये चीनबरोबरच्या करारात सुमारे ९० हजार हेक्टर डोंगराळ जमीन देऊ केली. त्यावर टीका करणारे खासदार अझिमबेक बेकनाझारोव यांना जानेवारी २००२ मध्ये अटक झाली. त्यांच्या सुटकेसाठी अक्सी भागात लोक रस्त्यावर उतरले, मार्चमध्ये पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली आणि मे महिन्यात सरकारला राजीनामा द्यावा लागला. त्या सरकारचे पंतप्रधान कुर्मानबेक बाकियेव विरोधी गटात गेले आणि २००५च्या उठावानंतर राष्ट्राध्यक्ष झाले. याच बाकियेव यांनी २००९ मध्ये मॉस्कोत, रशियाच्या दोन अब्ज डॉलरहून अधिक मदतीच्या घोषणेबरोबर, आपल्या देशातला मानासचा अमेरिकी लष्करी तळ बंद करण्याची घोषणा केली, आणि काही महिन्यांतच अमेरिकेकडून वार्षिक भाडं १.७४ कोटींवरून ६ कोटी डॉलर करून घेऊन तळ चालू ठेवला. एप्रिल २०१० मध्ये जनतेने त्यांना घालवलं. लोकांच्या रागात महाग झालेली वीज होती आणि राष्ट्राध्यक्षांच्या कुटुंबाच्या हाती गेलेला कारभारही होता. त्या तळाकडे आपण सगळे जागतिक सत्तासंघर्षाच्या चष्म्यातून बघत होतो. राजधानी बिश्केकच्या माणसाला त्या तळाला पुरवलेल्या इंधनाचा पैसा कुणाच्या खिशात जातो हा प्रश्न छळत होता.

कोसोव्होचं थोडक्यात. मॉन्टेनेग्रोबरोबरच्या सीमानिश्चितीच्या कराराविरुद्ध विरोधकांनी संसदेत अश्रुधूर सोडला, २०१७ मध्ये सरकार कोसळलं. कराराला विरोध करणारे रामुश हारादिनाय पंतप्रधान झाले आणि मार्च २०१८ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत तो मंजूर झाला. मधल्या काळात युरोपात व्हिसाशिवाय प्रवासाची वाट बघणारे कोसोव्होचे तरुण तसेच ताटकळत राहिले, कारण युरोपीय संघाने हा करार त्याची अट केली होती.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, हे सगळं मान्य, पण शेवटी छोट्या देशाला भूगोल आणि बड्यांची ताकद यांच्यापुढे काय चालतं? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. मॅसेडोनियाला नकाराधिकार सोसावाच लागला. दिलीने जकार्ताची मागणी मान्य केलीच. भूगोल किती वाटा आहेत ते ठरवतो, आणि छोट्या देशाला त्या मोजक्याच असतात. पण त्या मोजक्या वाटांपैकी कुठली निवडली, कधी निवडली आणि कुणाच्या नावाने निवडली, हे घरात ठरतं. सिंगापूर याचा उत्तम दाखला आहे. १९६५ मध्ये मलेशियातून वेगळ्या झालेल्या या देशातले सुमारे तीन चतुर्थांश नागरिक चिनी वंशाचे. आजूबाजूला मलय आणि इंडोनेशियन जग, आणि घरातही मलय मुस्लिम अल्पसंख्य. ली क्वान यू यांच्या सरकारने ठरवलं की आपण (चीन आणि तैवाननंतरचा) 'तिसरा चीन' आहोत असं ना शेजाऱ्यांना वाटू द्यायचं, ना घरातल्या चिनी तरुणांना. म्हणून इंडोनेशियाने बीजिंगशी संबंध पूर्ववत करीपर्यंत सिंगापूर थांबला; त्याचे राजनैतिक संबंध ऑक्टोबर १९९०मध्ये, इंडोनेशियानंतर दोन महिन्यांनी, सुरू झाले. पंचवीस वर्षं थांबणं हा परराष्ट्र निर्णय दिसतो, पण त्याचं एक मूळ सिंगापूरच्या गल्ल्यांत होतं, जिथे १९६४ मध्ये वांशिक दंगली झाल्या होत्या. सैन्य उभारायला इस्रायली सल्लागार आणले तेही गुपचूप, 'मेक्सिकन' म्हणून, घरातल्या आणि शेजारच्या मुस्लिमांचा विचार करून.

सिंगापूरने लोकांच्या भावनेविरुद्ध जाऊनही नमतं घेतलं असेल, असं समजू नका. कॉन्फ्रोंतासीच्या, म्हणजे इंडोनेशियाने मलेशियाविरुद्ध चालवलेल्या संघर्षाच्या, काळात सिंगापुरातल्या मॅकडोनाल्ड हाउसमध्ये बॉम्ब ठेवून तिघांचा जीव घेणाऱ्या दोन इंडोनेशियन मरीन्सना १९६८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांची विनंती डावलून, फाशी दिली गेली. जकार्तातल्या सिंगापूरच्या दूतावासाची नासधूस झाली. नव्या देशाचा कायदा शेजाऱ्याच्या विनंतीने वाकतो, असं आपल्याच नागरिकांना दिसू देणं त्या सरकारला परवडणारं नव्हतं. १९७३ मध्ये ली जकार्ताला गेले आणि त्या दोघांच्या कबरींवर त्यांनी फुलं वाहिली. घर पक्कं झाल्यावर ते फुलं वाहू शकले, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

एवढं सगळं लिहिण्यामागे माझी कळकळ अशी की 'प्यादं' हा शब्द आपण फार सहज वापरतो. प्याद्याला संसद नसते, विधवा नसतात, निवडणुकीत दिलेला शब्द नसतो. ज्या समाजाने स्वातंत्र्यासाठी पिढ्या खर्ची घातल्या, त्याच्या पहिल्यावहिल्या निर्णयांचं श्रेय आणि दोष दोन्ही आपण दुसऱ्याला देऊन टाकतो. दोषही त्यांचाच असू द्या. तैवानला मान्यता ही मॅसेडोनियाच्या नेत्यांची चूक होती, आणि ती त्यांची होती हे मान्य करण्यात त्यांचा मान आहे.

म्हणून तुमच्याकडे काही साध्या मागण्या करतो. पुढच्या वेळी अशा देशाने करार केला, तर लेखाच्या सुरुवातीलाच तिथलं सरकार किती मतांवर उभं आहे ते लिहा. करारावर सही झाली त्या दिवशी लिहाच, पण तो संसदेत मंजुरीला जाईल त्या दिवशीही लिहा. खरी लढाई बहुधा तेव्हा होते. मॅसेडोनियाचा 'उत्तर मॅसेडोनिया' झाला त्या नावबदलाचंच बघा: जुन्या नावाला ग्रीसचा आक्षेप होता आणि त्यामुळे नाटोची वाट अडली होती. जून २०१८ मध्ये ग्रीसबरोबरच्या प्रेस्पाच्या कराराच्या बातम्या सगळीकडे आल्या, पण सप्टेंबरच्या सार्वमतात मतदान सुमारे ३७ टक्के झालं आणि ऑक्टोबरमध्ये १२० पैकी ८० मतांचा काठ गाठायला विरोधी पक्षाचे आठ खासदार फुटावे लागले, याची दखल फार थोड्या ठिकाणी घेतली गेली. त्या आठांविना नाटोचं २०२०चं सदस्यत्व नव्हतं. विरोधी पक्षाचं म्हणणंही द्या, ते गैरसोयीचं असलं तरी. आणि नेता लढ्यात कुठे होता, डोंगरात, तुरुंगात की परदेशात, हे वाचकाला सांगा.

प्रशांत महासागरातल्या बूगनव्हिलच्या लोकांनी २०१९च्या सार्वमतात जवळजवळ ९८ टक्क्यांनी पापुआ न्यू गिनीपासून स्वातंत्र्याचा कौल दिलेला आहे आणि त्यांची वाटचाल अजून चालू आहे. तो देश झाला, तर पहिल्याच आठवड्यात 'हा चीनचा की ऑस्ट्रेलियाचा' असे मथळे येतील. त्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी तिथल्या पांगुना या तांब्याच्या खाणीचा इतिहास, त्या खाणीवरून झालेलं यादवी युद्ध, आणि ती पुन्हा उघडावी का यावर तिथल्या जमीनमालकांत, जुन्या लढवय्यांत आणि सरकारात असलेले मतभेद, यांवर एक सविस्तर लेख लिहावा. मी तो वाचायला उत्सुक आहे.

आपला,
एक नियमित वाचक